चाळिशीतलं बाळसं

गेल्या बाजारी सास्तूरचा एक गडी तुरीची पोती घेऊन माझ्या काट्यावर आला. माझ्याच वयाचा आणि एके काळी मी होतो तेवढाच आडवा. गाडीतून उतरला आणि पाच पावलांवर थांबून उगीच बैलाच्या वशिंडावर हात फिरवत उभा राहिला. मी ओळखलं. दम लागला की माणूस असली सोंगं काढतो. मी स्वतः दोन वर्षं काढली होती.

म्हणलं, "पाव्हणं, जरा पाय इकडं करा."

तो बिचकला. मी खाली बसलो, त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, दहा आकडे मोजले आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"हे काय करालाव?" त्यानं विचारलं.

"तुमच्या अंगात पाणी किती हाय ते बगतोय," मी म्हणलं. "तूर ऱ्हाऊ द्या. आदी माझं ऐका."

त्याला पोत्यावर बसवून माझी सगळी कहाणी सांगितली. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्याला गेला. गंगू, म्हणजे माझी बायको, म्हणाली की दर माणसाला पोत्यावर बसवत बसाल तर बाजार कधी करणार, त्यापेक्षा लिहून काढा. तिचं ऐकायचं असा माझा आता नेम आहे. का, ते पुढं कळेल.

*

मी शिवप्पा, लोहाऱ्याच्या बाजारातला तोलारी. शेतकऱ्याचं पोतं एकीकडं, व्यापाऱ्याचा डोळा दुसरीकडं आणि मधोमध काटा धरून मी. काटा बापाचा. साखळ्या, फळ्यांची पारडी, वर लोखंडी दांडी. निजामाच्या राज्यात माणसं बदलली, अंमलदार बदलले, पण माझ्या मापाला कुणी नावं ठेवली नाहीत. म्हणून तर पुढं जे सांगायचंय त्याची लाज वाटते.

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणतो. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात. माझ्या आधीची तिची दोन लेकरं गेली. मी जन्मलो तो उंदराच्या पिलाएवढा. सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा अव्वा मला पदरात बांधून अणदूरला खंडोबाच्या पायरीवर जाऊन बसली आणि बोलली, "देवा, एवढं एक जगीव. दरसाल चैत्रात ह्याच्या भारंभार गूळ दीन. आन् दरसाल वाढता दीन."

मी जगलो. पहिल्या साली मला टोपलीत घालून तोललं, तेव्हा पाच शेर गूळ लागला. त्यावर अव्वानं एक भेली जास्तीची ठेवली. देवाला नेमकं माप देऊ नये, झुकतं द्यावं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून दर चैत्रात बापाचा काटा गाडीत घालून आम्ही अणदूरला जायचो. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, वर अव्वाची भेली. मग येळकोट, भंडारा, आणि सगळ्या गावाला गुळाचा प्रसाद.

आता बघा, माणसाची उंची विसाव्या वर्षी थांबते. नवस काही थांबत नाही. दरसाल वाढता गूळ द्यायचा तर वाढायचं कुठून? मी आडवा वाढलो. अव्वानं वाढवलं म्हणा ना. भाकरीत तुपाचा खळगा, शेंगापोळी, धपाट्यावर लोण्याचा गोळा, आणि चैत्र जवळ आला की पोळ्याच पोळ्या. मलाही कुणी बळजबरी करत नव्हतं. खाण्यात मी कधी कुणाचं मन मोडलं नाही. अव्वा शेजारणींना सांगायची, "माझ्या शिवानं बाळसं धरलंय." तेव्हा मी चाळीस वर्षांचा होतो.

तिकडं सातासमुद्रापार दुसरी मोठी लढाई चालू होती. धान्य मोजून मिळत होतं, गावची माणसं वाळत चालली होती. बाजारात मला बघून म्हणायचे, "शिवप्पाला लढाई लागलीच न्हाय." मी हसायचो. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता.

*

आधी वहाणा तोकड्या झाल्या. चांभाराला शिव्या दिल्या. मग जिन्याची चौथी पायरी लांब गेली. मग आडवं पडलं की छातीवर कुणी ज्वारीचं पोतं टाकल्यागत व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावू लागलो. गंगूला म्हणायचो, उकडतंय. थंडीच्या दिवसातही उकडतंय म्हणायचो. ती वाकळ अंगावर ओढून माझ्याकडं बघायची.

त्या सालच्या चैत्रात अणदूरला पारड्यात बसायला मला चौघांनी धरलं. गूळ चढत गेला. तीन मण झाले, तरी माझं पारडं हलेना. साडेतीन मणाला काटा बरोबरीला आला. एवढा गूळ त्या देवळात एका माणसामागं कुणी दिला नव्हता म्हणे. लोक "येळकोट येळकोट" ओरडले. अव्वानं वर भेली ठेवली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला मात्र आवाज लांबून ऐकू येत होता. तोंडात आलेला कफ गुलाबी होता, तो मी उपरण्यात पुसून लपवला. उतरवायलाही चौघंच लागले.

देवाची कृपा साडेतीन मण झाली, असं गाव म्हणालं. आणि मी तोलारी! पोत्यात हात घालून ज्वारी भिजवलेली आहे का कोरडी, हे न बघता सांगणारा माणूस. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला माल मी शंभरदा पकडलाय. स्वतःच्या अंगातला ओळखला नाही.

जेठात एका बाजारी पोतं लावता लावता मी खाली बसलो तो उठलोच नाही. ओठ निळे झाले होते म्हणे. घरी नेलं. अव्वा म्हणाली, दृष्ट लागली, एवढा गूळ लोकांच्या डोळ्यांत सलला. तिनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आज वाटतं, त्या सबंध सालात आमच्या घरातलं तेवढंच मीठ बरोबर जागी पडलं.

गंगू उंबऱ्यात उभी राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, अव्वापुढं तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "दृष्ट काडून झाली न्हवं? आता म्या ह्यास्नी धाराशिवला नेते."

*

कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि पुढं कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्विस मोटारीनं. पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं. चढ आला की मोटार थांबायची आणि उतारू उतरून ढकलायचे. मी एकटाच आत बसून. मोटार आणि मी, दोघंही सारखेच धापा टाकत होतो. सगळे उतरून ढकलतायत आणि आपलंच ओझं आत आहे, ह्या शरमेनं मी मान खाली घातली. पण एकानंही तोंड वाकडं केलं नाही. त्या अनोळखी माणसांचे उपकार कुठं फेडू?

दवाखान्यातले डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. उंच, बारीक, अचकनीचं वरचं बटण कायम उघडं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, गळ्याच्या शिरा बघितल्या, मग नडगीवर अंगठा दाबून बघितला. कंपाउंडरला काहीतरी म्हणाले. त्यातले दोनच शब्द आम्हाला कळले, 'हार्ट फेल'. शेजारच्या गल्लीतला सावकार हार्ट फेलनं गेला होता, पाणी मागायलाही वेळ मिळाला नव्हता. गंगूनं तिथंच हंबरडा फोडला. तिला बघून मीही रडायला लागलो. जिवंत माणूस आपल्याच नावानं रडतोय!

"अरे बाई, चुप," डॉक्टरसाहेब म्हणाले. "बैल बैठ गया है, मरा नही."

मग त्यांनी मला विचारलं, "मोट देखी है?"

"देखी है, साब."

"एक मोट, एक बैलजोडी, दो बिघे का बाग. ठीक? तुमने बाग बढाया. चार बिघे, छे बिघे. हर झाड पानी मांगता है. बैल तो वही है ना? खींचते खींचते बैल फूल गया, फिर थक गया. अब पानी आगे नही जाता, पीछे भरता है. पाँव मे, पेट मे, छाती मे."

चरबीलाही रक्त लागतं, ती काही कोपऱ्यात ठेवलेली फुकटची गोणी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अंगावरच्या शेराशेराला हृदय दिवसरात पाणी पाजत होतं आणि मी त्याला बाळसं म्हणत होतो.

"बैल बदलते नही आता मुझे," साहेब म्हणाले. "बाग कम करना पडेगा. करोगे?"

गंगू म्हणाली, "करतेत, साहेब." मला कुणी विचारलंच नाही.

*

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी नाडी. मग पेल्यात मोजून थेंबांचं औषध, इतकं कडू की आजही आठवलं तर जीभ आत जाते. खायला नुसतं दूध, तेही मोजून. पाणी मोजून. आणि लघवीसुद्धा बाटलीत धरून मोजायची. जन्मभर मी दुसऱ्यांचं मोजलं, आता माझं सगळंच मोजलं जात होतं.

शेजारच्या खाटेवर चाँदसाब पिंजारी. मोडलेला पाय फळीला बांधून पडलेला, पण तोंड मोकळं. मला आडवं होता येत नाही, बसल्या बसल्या मान लटकते, हे त्यानं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी घरून कापूस आणि जुनं जाजम मागवलं आणि खाटेवर बसल्या बसल्या, मोडका पाय लांब करून, माझ्यासाठी एक लोड भरला. खाली रुंद, वर निमुळता, बरोबर माझ्या पाठीच्या मापाचा. मी टेकलो आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपलो. जागा झालो तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं आणि चाँदसाब खूश होऊन सगळ्या वॉर्डला सांगत होता, "देखो, पहाड सो गया था."

मग एक दिवस साहेबांनी कपाटातून एक कुपी काढली. पाऱ्याचं औषध, सुईनं कमरेत द्यायचं. लढाईमुळं ते मिळत नव्हतं, त्यांच्यापाशी मोजक्याच कुप्या उरल्या होत्या. तोलाऱ्यावर ती का खर्च करावी, असं त्यांच्या मनात आलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी दिली. दुपारपासनं जे सुरू झालं ते काही विचारू नका. बाटली भरली, दुसरी भरली, गंगू बाटल्या घेऊन पळतेय आणि चाँदसाब ओरडतोय, "अरे शिवप्पा, तालाब फूट गया रे!" हसता हसता माझ्या लक्षात आलं की मी हसतोय आणि दम लागत नाहीये.

आठवड्यानं दुसरी सुई दिली. घोट्यांची हाडं दिसली. माझीच हाडं मी नव्यानं बघितली.

भीती मात्र दुपारची यायची, सगळे झोपले की. समोरच्या खाटेवरचा एक म्हातारा एका दुपारी गेला, आवाजसुद्धा केला नाही. मी गंगूचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "सोडा की, हात दुकतोय." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, धरा."

श्रावणात साहेबांनी सोडलं. म्हणाले, "नमक बंद. घी बंद. जितना दम, उतना चलना. और हर हफ्ते अपने आप को तोलना. तू तोलारी है, तेरे से अच्छा कौन तोलेगा? वजन एकदम बढे तो समझना, गोश्त नही, पानी है."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. चाँदसाबनं लोड बरोबर दिला.

*

घरी पहिल्या सोमवारी मी पारड्यात बसलो आणि गंगूनं वजनं चढवली. तीन मण. दसऱ्यापर्यंत दहा शेर आणखी उतरले. जिन्याची चौथी पायरी परत जागेवर आली. मारुतीपर्यंत चालू लागलो, मग वेशीपर्यंत.

पण घर सुधरलं नव्हतं. एका चुलीवर दोन बाया, आणि दोघींचा जीव माझ्यात. गंगू माझी भाकरी अळणी करायची, वरणावरचं तेल काढायची. अव्वा ते बघून तोंड फिरवायची. एकदा म्हणाली, "लेकरू वाळवून मारायला लागलीस, व्हय गं?" त्या दिवशी गंगू जेवली नाही.

आणि अळणी जेवण म्हणजे काय असतं, ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. पहिले पंधरा दिवस मी रोज ताटावर बसून मनातल्या मनात मेलो. भाकरी म्हणजे माती, वरण म्हणजे गढूळ पाणी.

दिवाळीनंतर एकदम भाकरीला चव आली.

पहिल्या घासालाच जिभेला कळलं. मीठ. दुसऱ्या दिवशी वरणाच्या तळाशी तूप. गंगू पाण्याला गेली की अव्वा पिठात हात घालून जायची. मी काय केलं? जेवलो. चवीनं जेवलो. एका शब्दानं बोललो नाही.

पुढच्या सोमवारी काटा चढला. त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. गंगूनं वजनं तपासली, साखळ्या तपासल्या, मग माझ्यापुढं येऊन बसली. "खरं सांगा, बाजारात भजी खाताव का?"

"तुझी आन, न्हाय," मी म्हणलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती रडली. म्हणाली, "मग माज्याच हातात कायतरी कमी हाय." तरीही मी गप्प बसलो. आयुष्यात एकदाही खोटं माप न दिलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोला खोटं माप दिलं. हे लिहिताना अजून कान गरम होतात.

*

मग आली येळवस. मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडं गावात कुणी राहत नाही, सगळा मुलूख शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, खीर, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं गार आंबील. आंबील आंबट आणि खारट. अव्वानं तांब्या भरून माझ्यापुढं धरला. "सणाच्या दिशी देव बगत न्हाय," म्हणाली. मी दोन तांबे प्यालो. मागं वळून बघितलं तर गंगू दुसऱ्या खोपीत वाढत होती.

चौथ्या दिवशी वहाणा परत तोकड्या झाल्या. सहाव्या दिवशी लोडाला टेकूनही श्वास पुरेना. मला परत त्या मोटारीत बसावं लागणार होतं, आणि साहेबांच्या कपाटात कुपी उरली आहे का नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी दोघींना समोर बसवलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. भाकरीतलं मीठ, तळातलं तूप, दोन तांबे आंबील. गंगूला म्हणलं, "तुज्या हातात काय कमी न्हाय. माज्या तोंडात कमी हाय. म्या चोरून खाल्लं आन् तुला रडवलं."

अव्वा उसळली.

"तू काय चोरलंस? म्या घातलं! पोटच्या पोराला घातलं. देवाला कबूल केलंय म्या, दरसाल वाढता गूळ दीन म्हणून. तेवड्यावर देवानं तुला दिलाय. आता चैतात पारडं कमी झालं तर? आं? देव आपलं माणूस माघारी न्हेईल, मग ही काय करनार हाय? दोन नेली त्यानं माजी. म्या बगितलंय न्हेताना."

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, अव्वाला माझ्या वजनाची फुशारकी आहे. तिला भीती होती. चाळीस वर्षं रोज मला घास घालताना ती भीत भीत देवाचा हप्ता फेडत होती.

मी पाय पुढं केला. "अव्वा, हितं दाब."

"कशाला?"

"दाब तर."

तिनं अंगठा नुसता टेकवला. मी म्हणलं, "जोरात." तिनं दाबला, मी दहा आकडे मोजले. "आता उचल."

खड्डा पडला होता. तिच्या अंगठ्याएवढा, खोल. ती बघत राहिली. भरेल म्हणून वाट बघितली. भरला नाही.

"ही वाढ देवाची न्हाय, अव्वा. देवाचं मांस असतं तर वर आलं असतं. ह्ये पानी हाय. भिजवलेली ज्वारी हाय ही. मागल्या चैतात तू देवाला हीच तोलून दिलीस, आन् म्या तोलारी असून तुला सांगितलं न्हाय."

अव्वानं परत दाबून बघितलं, दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. एकेका खड्ड्यावरनं ती हात फिरवत होती, जसा लेकराच्या खरचटल्यावरनं फिरवावा. मग म्हणाली, "यप्पा... म्या आपल्या हातानं भरलं की रं हे." आणि तोंडात पदर कोंबून रडली. गंगू उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

परत धाराशिव गाठलं. साहेबांच्या कपाटात एक कुपी होती. माझ्यासाठीच राखली होती का, असं विचारलं तर रागावले, "बकवास मत कर, लेट जा." पण कंपाउंडरनं नंतर सांगितलं की राखली होती.

घरी आलो तर चुलीवर एकच पातेलं. अव्वानं मिठाचं गाडगं शेजारणीकडं ठेवायला दिलं होतं. म्हणाली, "सगळ्यांचंच अळनी. मला आता काय चवीची पडलीय?" सत्तरीची बाई तोंड वाकडं न करता अळणी भाकरी खायची आणि वर मलाच विचारायची, "ग्वाड लागतीया न्हवं?" खरंच गोड लागायला लागली. ज्वारीला स्वतःची चव असते, ती मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळली.

*

त्यानंतर निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत डॉक्टरसाहेब कुठं गेले, कळलं नाही. चाँदसाबकडं दोनदा निरोप धाडला, घराला कुलूप होतं. लोड अजून माझ्या पाठीशी आहे. कापूस दबलाय, पण दुसऱ्या पिंजाऱ्याकडं द्यायला मन होत नाही. दोघं कुठंही असोत, सुखात असोत. माझ्या प्रत्येक श्वासात त्यांचा वाटा आहे.

सास्तूरचं पाव्हणं, आणि तुमच्यासारख्या सगळ्यांनो, मी काही वैद्य नाही. एवढंच सांगतो, अंगठा दाबून बघा आणि खड्डा राहिला तर अभिमान सोडून दवाखाना गाठा. आणि घरातल्या माणसाशी खोटं बोलू नका.

आता त्या चैत्राचं सांगतो आणि थांबतो. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आलो त्यानंतरचा चैत्र.

काटा अणदूरला नेला. मी आपला आपण पारड्यात बसलो. गूळ चढायला लागला. दोन मण. सव्वादोन. अडीच मणाला दांडी सरळ झाली. लोक येळकोट ओरडायला तयार होते, ते एकमेकांकडं बघायला लागले. मागल्या साली साडेतीन. कुणीतरी हळूच म्हणालं, "एक मण कमी की!" मी अव्वाकडं बघितलं. चाळीस वर्षांची सवय, आता ती वरची भेली ठेवायला पुढं येणार.

ती पुढं आली. पण हात रिकामा होता. तिनं गुळाच्या पारड्यातली एक भेली उचलून काढली. सगळ्या देवळासमोर, मोठ्यानं बोलली, "देवा, दरसाल वाढता दीन म्हणले व्हते. माजं चुकलं. औंदा कमी घे. फुडल्या साली आनिक कमी घे. पर ह्याला ऱ्हाऊ दे."

मग वळून ती भेली तिनं गंगूच्या ओटीत घातली. म्हणाली, "ही तुजी."

गंगू भेली पोटाशी धरून उभी राहिली. तिकडचा भार कमी झाला तसं माझं पारडं हळूहळू खाली आलं आणि भुईला टेकलं. मागल्या साली चौघांनी उतरवलं होतं. त्या दिवशी चौघं पुढं आले, त्यांना मी हातानं थांबवलं, आणि माझ्या पायानं उतरलो.